होमस्टेच्या बुकिंगचे मेल पायथॉनने वाचायचे तर कोणती ओपन सोर्स लायब्ररी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरला घरचंच छोटं होमस्टे आहे, चौकश्या जीमेलवर येतात, आई त्या फोनवर वाचून उत्तरं देतात. तुम्हाला घरातल्या लॅपटॉपवर पायथॉनने तेच मेल वाचून एक्सेलसाठी यादी करायची आहे. आयमॅप म्हणजे सर्व्हरवरचे मेल दुरून वाचायची ठरलेली पद्धत; तिच्यासाठीच्या तीन लायब्रऱ्यांपैकी कोणती घ्यावी, आयमॅपलिब, आयमॅपक्लायंट की आयमॅप-टूल्स, आणि पावसात नेट सारखं जातं त्याचं काय.

आयमॅपक्लायंट घ्या. आयमॅपलिब पायथॉनसोबतच येते, वेगळं काही बसवावं लागत नाही, पण ती अख्खा फणस पुढ्यात ठेवते: सर्व्हरचं उत्तर जसं आलं तसं, कंसात कंस आणि बाइट्सचे तुकडे. आयमॅपक्लायंट आतून तीच लायब्ररी वापरते, फक्त गरे काढून देते. परवाना बीएसडी आहे, धंद्यासाठी वापरलीत तरी कुणाला काही द्यावं लागत नाही. आयमॅप-टूल्सही वाईट नाही, मजकूर आणि जोडलेल्या फाइली उलगडून हातात देते, त्यामुळे पहिल्या दिवशी तीच सोपी वाटेल. पण ती काही सांगितलं नाही तर आणलेल्या मेलवर ‘वाचला’ अशी खूण करते, आणि तुमच्या घरात नेमकं तेच नको आहे.

फोनमध्ये नवा मेल ठळक दिसतो तो सर्व्हरवर ‘सीन’ ही खूण लागलेली नसते म्हणून. प्रोग्रामने मजकूर साध्या ‘बॉडी’ या नावाने मागितला की सर्व्हर आपणहून ती खूण लावतो. आई संध्याकाळी फोन उघडणार, ठळक काहीच नाही, आणि नाताळच्या आठवड्याची चौकशी बिनउत्तराची राहणार. पाहुणे काय, तासाभरात दुसरीकडे खोली घेतात. म्हणून ‘बॉडी.पीक’ मागा, त्याने खूण लागत नाही. शिवाय फोल्डर उघडतानाच ‘रीडओन्ली’ (फक्त वाचायचं) द्या. मी दोन्ही करते. तुमच्या प्रोग्रामला मेलबॉक्समध्ये काही बदलायचंच नाहीये, तर त्याचे हात बांधलेले बरे.

आता नेट. इथे देवगडातही जूनमध्ये वारा सुटला की आधी लाईट जाते आणि टॉवरची बॅटरी संपली की रेंज. पण आयमॅपचा पाया असा की मेल सर्व्हरवरच राहतात आणि आपण दुरून बघतो. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तो मांडला, आणि पुढच्या आवृत्त्यांत तुटलेली जोडणी पुन्हा जुळल्यावर काम जिथल्या तिथून सुरू करता येईल अशी सोय पक्की झाली. ती सोय म्हणजे यूआयडी: प्रत्येक मेलला त्या फोल्डरपुरता मिळणारा चढता क्रमांक. मेल पुसला तरी तो क्रमांक दुसऱ्याला जात नाही. नेटवर सापडणाऱ्या आयमॅपलिबच्या जुन्या नमुन्यांत बहुतेक वेळा साधा अनुक्रमांक असतो. मधला एक मेल पुसला की पुढचे सगळे अनुक्रमांक एकेकाने खाली येतात, त्यामुळे तो लिहून ठेवून उपयोग नाही. आयमॅपक्लायंट मुळातच यूआयडी वापरते.

तर शेवटचा वाचलेला यूआयडी साठवायचा आणि पुढच्या वेळी त्याच्या पुढचे मागायचे. सोबत यूआयडीव्हॅलिडिटी हा आकडाही साठवा, फोल्डर उघडताना सर्व्हर तो सांगतो. तो बदललेला दिसला तर जुने सगळे यूआयडी बाद समजून पहिल्यापासून वाचायचं. सहसा बदलत नाही, पण कुणी फोल्डर काढून त्याच नावाचा नवा केला तर बदलू शकतो.

यात एक खोच आहे आणि तिच्यात भलेभले अडकतात. समजा शेवटचा मेल ५०० क्रमांकाचा आहे आणि तुम्ही ‘५०१:*’ मागितलंत. रिकामी यादी येईल असं वाटतं, पण ५०० क्रमांकाचाच मेल परत येतो. त्या ताऱ्याचा अर्थ ‘असलेला सर्वांत मोठा यूआयडी’, आणि पल्ल्याची दोन टोकं उलटसुलट दिलेली सर्व्हरला चालतात. हा बिघाड नाही, नियमातच तसं आहे. आलेल्या यादीतून साठवलेल्या आकड्यापेक्षा मोठे तेवढेच घ्या, नाहीतर दर फेरीला त्याच कुटुंबाचं बुकिंग पुन्हा चढेल.

साठवायला एसक्यूलाइट (एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) घ्या, थेट एक्सेलची फाइल नको. बुकिंगची ओळ आणि नवा यूआयडी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. मध्येच लाईट गेली तर दोन्ही लिहिलेलं असेल किंवा दोन्ही नसेल. अर्धवट काही राहत नाही.

जोडणी करताना टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) द्यायचाच. दिला नाही तर आयमॅपक्लायंट मेलेल्या जोडणीवर कितीही वेळ वाट बघत बसते, आणि तुम्हाला वाटतं प्रोग्राम चालू आहे. डेटाही जपा. पाहुणे आधार कार्डाचे मोठमोठे फोटो जोडतात, ते यादीसाठी लागत नाहीत. आधी एन्व्हलप आणि बॉडीस्ट्रक्चर मागा. त्यावरून पाठवणारा, विषय, तारीख आणि मेलचे भाग कळतात, मग फक्त मजकुराचा भाग आणा.

आयमॅपचा ‘आयडल’ हा आदेश देऊन जोडणी उघडी ठेवली तर मेल आला की लगेच कळतं हे खरं, पण तो आदेश दर २९ मिनिटांच्या आत नव्याने द्यावा लागतो आणि मोबाइलच्या नेटवर जोडणी गुपचूप तुटते. खोल्यांच्या बुकिंगला एवढी घाई कशाला? ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या क्रॉनने, विंडोज असेल तर टास्क शेड्युलरने, दर पंधरा मिनिटांनी एक फेरी मारा.

जीमेलमध्ये फिल्टर लावून या मेलना ‘बुकिंग’ असं लेबल द्या. आयमॅपला लेबल हे फोल्डर म्हणूनच दिसतं, म्हणजे प्रोग्रामला बाकीचा इनबॉक्स चाळावा लागत नाही. नाव खुशाल मराठीत ठेवा. आयमॅपमध्ये अशी नावं यूटीएफ-७ (अक्षरं साध्या इंग्रजी चिन्हांत लिहायची एक पद्धत) च्या एका बदललेल्या रूपात जातात. आयमॅपलिबमध्ये त्यांचा अगम्य गोंधळ दिसतो, आयमॅपक्लायंटमध्ये ‘बुकिंग’ हेच दिसतं. तारखेने शोधताना मजकूर न देता पायथॉनची तारीखच द्या. सर्व्हरला महिन्याचं इंग्रजी लघुरूप लागतं, ते लायब्ररी नीट बनवते. मेल उलगडायला पायथॉनचं ईमेल मोड्यूल पुरेसं आहे, फक्त ‘पॉलिसी.डिफॉल्ट’ द्यायला विसरू नका, म्हणजे मराठी विषय सरळ वाचता येतो.

जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, ती वाट ३० मे २०२२ पासून बंद आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्या. घरात कुणी मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्डही रद्द होतो, त्यामुळे लॉगिन अचानक नाकारलं गेलं तर आधी घरात विचारा, कोड नंतर तपासा.

कुणी पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचं आयमॅप एक्स्टेन्शन सुचवेल, तिकडे जाऊ नका. ते वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सी-क्लायंट या जुन्या मेल लायब्ररीवर उभं आहे (तेही क्रिस्पिन यांचंच काम), आणि २०२४ मध्ये आलेल्या पीएचपी ८.४ पासून मुख्य पॅकेजातून बाहेर काढलं आहे.

राहिलं मजकुरातून नाव, तारखा, माणसं वेचणं. ते कुठलीच मेल लायब्ररी करत नाही. बुकिंग साइटचे मेल एका साच्यातले असतात, ते जमतील, साचा बदलेपर्यंत. पण ‘दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही सहा, दोन लहान, जेवण घरचंच ना?’ असा मेल प्रोग्रामला सोडवायला लावू नका. पाठवणारा, विषय आणि पहिल्या दोन ओळी यादीत येऊ देत, तारखांचा रकाना आईंसाठी रिकामा ठेवा. आणि एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) काढताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी कचरा दिसेल.