भिंतीवरचे डाग आणि साडेचार लाखांचं मशीन

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३४, बिल्डरांसाठी थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे न बांधलेल्या घरातून फिरवून आणणारे संगणकी व्हिडिओ, करून देतात. महिन्याला सरासरी ७० हजार मिळतात, घरखर्च ४५ हजार. गेल्या कामात भिंतींवर नि छतावर उजेडाचे डाग आले, कॅमेरा सरकला की ते लुकलुकायचे, म्हणून बिल्डरने काम परत पाठवलं. साडेचार लाखांचं वर्कस्टेशन, म्हणजे जास्त ताकदीचा कॉम्प्युटर, १५ टक्क्यांच्या पर्सनल लोनवर घ्यावं का, असं विचारतात. 'मग कामं दुप्पट होतील' असंही लिहितात. शेवटी जाता जाता एक ओळ: 'बँकेतल्या मॅडमनी लावून दिलेली पॉलिसी आहे, वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २४ लाख. विमा १२ लाखांचा. तीन हप्ते झालेत, त्यामुळे मुलीची काळजी नाही.' मुलगी चार वर्षांची.

आधी मशीनचं उरकतो. तीन वर्षांचं कर्ज म्हणजे महिन्याला १५,६०० रुपये, एकूण ५ लाख ६० हजार. आणि डाग? तेच डाग लवकर रेंडर होतील, म्हणजे कॉम्प्युटर तेच चित्र लवकर काढून देईल, एवढंच. माझ्याकडे येणारे एक जण हेच काम करतात, त्यांना विचारलं. त्यांचं म्हणणं: तुम्ही व्ही-रे या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये इरॅडियन्स मॅप, म्हणजे भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाचा नकाशा, प्रत्येक फ्रेमला (व्हिडिओतल्या एकेका चित्राला) नव्याने काढताय. दर वेळी नमुने वेगळ्या जागी पडतात, उजेडाचा अंदाज बदलतो, म्हणून डाग नाचतात. नुसता कॅमेराच हलत असेल तर दर दहाव्या फ्रेमला 'इन्क्रिमेंटल अ‍ॅड'ने, म्हणजे आधीच्या मॅपमध्ये भर घालत, मॅप काढून एका फाइलमध्ये साठवायचा, लाइट कॅश (उजेडाचा दुसरा साठवलेला हिशेब) 'फ्लाय-थ्रू'वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या सगळ्या वाटेसाठी एकच, ठेवायची आणि सगळ्या फ्रेम त्या फाइलवरून काढायच्या. खर्च शून्य. पंखे, दारं, माणसं हलत असतील तर हे जमत नाही. तिथे ब्रूट फोर्स (प्रत्येक फ्रेमचा उजेड पूर्ण मोजणं) आणि डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं साधन) लागतो, वेळही जास्त. ९० सेकंदांच्या २,२५० फ्रेम, प्रत्येकी सहा मिनिटं, म्हणजे सव्वानऊ दिवसांच्या वर. तेवढी सवड नसेल तर त्या कामापुरता रेंडर फार्म, म्हणजे रेंडर करून देणारे दुसऱ्याचे कॉम्प्युटर, भाड्याने घ्या आणि ते भाडं कोटेशनमध्ये धरा. कामं दुप्पट होतील तेव्हा होतील. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

आता तुम्ही न विचारलेलं. घरखर्च ४५ हजार, पॉलिसीचे महिन्याला १० हजार, कर्जाचे १५,६००. झाले ७०,६००. एकही बिल्डर लटकला नाही तरी ६०० रुपये कमी पडतात!

त्याहून वाईट ती पॉलिसी. १२ लाखांचे २४ होतात, ऐकायला गोड. पण तुमचा पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो (पहिला हप्ता वीस वर्षं, दहावा अकरा). किती टक्क्यांनी पैसे दुप्पट होतात ते काढायची ढोबळ रीत म्हणजे ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ भागिले साडेपंधरा: साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ ७.१ टक्के देतं. आणि उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर १२ लाख घरखर्चाला सव्वादोन वर्षं पुरतील. मुलगी तेव्हा सहा वर्षांची असेल. 'काळजी नाही' हे मॅडमचं वाक्य आहे, तुमचं नाही. हे असलं बचतीच्या नावाखाली विमा आणि विम्याच्या नावाखाली बचत विकणं पाहून आता चिडायचाही कंटाळा आलाय.

एक कोटीचा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे बचत नसलेला नुसता विमा. सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला १५ हजारांच्या आगेमागे. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. सरेंडर केल्यास (मोडून पैसे परत घेतल्यास) किती आणि पेड-अप केल्यास (हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. पुढचे सात हप्ते भरले नाहीत तर टर्मचे १५ हजार जाऊन वर्षाला १ लाख ५ हजार उरतात. तेच सात वर्षं पीपीएफमध्ये टाकले तर विसाव्या वर्षापर्यंत आजच्या दराने १९ लाखांच्या आसपास होतात, पेड-अपचे मिळतील ते वर. म्हणजे रक्कम जवळपास तेवढीच, आणि मधल्या काळात घराला १२ लाखांऐवजी एक कोटीचं संरक्षण. अर्थात तुमच्या धंद्यात सहा महिन्यांचा खर्च, पावणेतीन लाख, एफडीत आधी हवा. पीपीएफ त्यानंतर, मग हिशेब थोडा खाली येईल, येऊ दे.

मॅडम म्हणतील, 'आता मोडू नका, नुकसान होईल.' कुणाचं, ते विचारा.