सगळ्यांचाच वाढदिवस 1 जूनला कसा?

प्रश्न: आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1958 आहे, मामाची पण 1 जून आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणींची पण तीच! आजी मात्र म्हणायची की ही नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाली. शाळा मारुतीच्या देवळात भरायची, चौथीपर्यंत, गुरुजी एकच. खरी तारीख आता कुठे सापडेल का?
– एक वाचक, खटाव तालुका

उत्तर: सापडू शकते. पण आधी ही 1 जून आली कुठून ते सांगतो, माझ्या दाखल्यावर पण तीच आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण लागायची, मग गुरुजी वाड्यावस्त्यांवर पोरं गोळा करत फिरायचे, घरी कुणाला तारीख ठाऊक नसायची, तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं सहाचं झालं असं समजायचे आणि सहा वर्षं मागे मोजून 1 जून लिहायचे. त्यात फसवणूक नव्हती हो! तारीख नाही म्हणून पोर घरी राहू नये एवढंच त्यांच्या मनात, आणि मुलींसाठी तर हे फार मोठं काम होतं.

एकटे गुरुजी चार वर्ग कसे सांभाळायचे? चौथीला गणितं घालायची, तिसरीला शुद्धलेखन, आणि पहिलीच्या पोरांकडून चौथीतली एखादी मुलगी पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. शाळा सुटायच्या आधी सगळे एका सुरात पाढे म्हणायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे), त्यामुळे दुसरीतल्या पोराला तिसरीचं अर्धं आधीच पाठ. शनिवारी सकाळची शाळा, शेणाने जमीन सारवायची ती मुलींनीच (याचा राग मला अजून येतो). प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक द्यायचे असं सरकारने ठरवलं ते 1987 च्या खडू-फळा मोहिमेत, म्हणजे तुमच्या आईची शाळा सुटून किती वर्षं झाली होती बघा.

आता तारखेचं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तीच 1 जून मिळणार, तिथे वेळ घालवू नका. तहसील कार्यालयात जुनी कोतवाल बुकं असतात, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात आहेत, नकलेसाठी अर्ज करा. बाळाचं नाव बऱ्याचदा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढंच, म्हणून आजोबांच्या नावाने शोधा. वर्षही अंदाजानेच टाकलेलं असणार, तेव्हा 1957 आणि 1958 दोन्हीची जुलै ते सप्टेंबरची पानं बघा. पेन्शन, आधार, बँक सगळीकडे 1 जूनच असेल तर या वयात कागद बदलायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. आणि मामाची नोंदही त्याच अर्जाबरोबर मागा, दुसरी खेप नको.