पहिला घडीचा चाकू घेताना

पहिलाच घडीचा चाकू घेतोयस ना, मग पात्याच्या लांबीवर भाळू नकोस. सात-आठ सेंटिमीटर रोजच्या कामाला पुरून उरतात. पार्सलची टेप, सुतळी, सफरचंद, पेन्सिलीचं टोक; बहुतेक वेळा एवढंच तर कापायचं असतं.

माझी पसंती विचारशील तर ओपिनेल, ८ नंबर. फ्रान्सचा, मूळ घडण १८९० ची, पातं साडेआठ सेंटिमीटर. मुठीच्या तोंडाशी धातूचं कडं असतं. पातं उघडलं की ते फिरवायचं, मग पातं बोटांवर मिटत नाही. हे कडं आलं १९५५ साली, त्याआधीच्या चाकूंना ते नव्हतंच. कार्बन स्टीलचं पातं घेतलंस तर धार झटकन लागते, पण लिंबू कापून तसंच ठेवलंस की डाग पडलेच म्हणून समज. पुसायचा कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घे, त्यात कमीपणा काही नाही. मूठ लाकडी आहे, पाण्यात भिजत टाकू नकोस. लाकूड फुगलं की पातं असं घट्ट बसतं की नखाने ओढून निघत नाही.

धार लावताना पातं दगडावर साधारण २० अंशांत धर आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मार. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि तो घसरतो तेव्हाच. डबे उचकटायला, स्क्रू फिरवायला वापरू नकोस, टोक मोडेल. विमानप्रवासात हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, चेक-इनच्या सामानात टाक. पात्याच्या लांबीचे आणि लॉकचे (म्हणजे त्या कड्यासारखं, पातं उघडं अडकवून ठेवणारं काही असण्याचे) कायदे देशोदेशी वेगळे आहेत, खिशात घालण्याआधी तेवढे बघून घे.