10 मिग्रॅ मेलाटोनिन रोज रात्री घेतलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रात्री दीड-दोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी साडेआठला लॉगिन असतं, म्हणून ऑनलाइन 10 मिग्रॅच्या मेलाटोनिनच्या गोळ्या मागवल्यात. झोपताना एक घेतली तर चालेल का, सवय लागेल का, आणि 63 वर्षांच्या आईला (बीपी, शुगर) त्यातलीच दिली तर चालेल का?

ती 10 ची गोळी तुम्ही घेऊ नका आणि आईला तर अजिबात देऊ नका. गोळी विषारी आहे असं नाही. तुमच्या तक्रारीला जेवढी मात्रा पुरते त्याच्या वीसपट ती आहे, आणि झोपताना घ्यायची ही वेळही तुमच्यासाठी चुकीची आहे.

अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम या डॉक्टर देतात त्या झोपेच्या गोळ्या मेंदूला गुंगी आणतात, म्हणून घेतली की झोप लागते. मेलाटोनिनचं काम निरोप देण्याचं आहे. अंधार पडल्यावर मेंदूतली पिनियल ग्रंथी ते रक्तात सोडायला लागते आणि शरीराला कळतं की रात्र सुरू झाली. रोजच्या झोपेच्या साधारण दोन-तीन तास आधी हा निरोप निघतो. तुम्हाला दीडला झोप लागते, म्हणजे तुमचा निरोप अकराच्या आसपास निघत असणार. मग एक वाजता गोळी घेऊन तुम्ही शरीराला जे सांगताय ते त्याला दोन तासांपूर्वीच कळलेलं आहे. तुमची अडचण झोप न येण्याची नाही, शरीरातलं झोप-जागेचं घड्याळ मागे पडल्याची आहे. शनिवार-रविवारी गजर न लावता तुम्ही दहा-अकरापर्यंत गाढ झोपत असाल तर हे निदान जवळजवळ पक्कं समजा.

(जाता जाता: 1958 साली येल विद्यापीठातल्या एरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने गाईगुरांच्या पिनियल ग्रंथींतून हे द्रव्य वेगळं काढलं, ते त्वचेच्या रंगाचा शोध घेताना. बेडकाची कातडी त्याने फिकट होते, म्हणून नावात ‘मेला’ आलं. झोपेशी त्याचं नातं नंतर कळलं. आजच्या गोळ्यांतलं मेलाटोनिन बहुतेक कारखान्यात रसायनांपासून बनतं, तेव्हा डबीवरच्या ‘नॅचरल’ला फार भुलू नका.)

आता मात्रेचं. तोंडाने घेतलेल्या मेलाटोनिनचा मोठा भाग यकृतातच संपतो, सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास रक्तात पोचतं, आणि माणसामाणसात त्यात प्रचंड फरक पडतो. तरीही 0.3 मिग्रॅ एवढ्या चिमूटभर मात्रेनेही रक्तातली पातळी रात्रीच्या नैसर्गिक पातळीला येऊ शकते. रक्तातून ते झपाट्याने उतरतं, दर पाऊण तासाला साधारण निम्मं. पण सुरुवातच नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पटींनी झाली, तर उतरता उतरता सकाळ होते. मग आठ वाजता डोकं जड, तोंड कोरडं, आणि त्याहून वाईट म्हणजे घड्याळाला सकाळीही रात्रीचाच निरोप मिळत राहतो. सकाळी मिळालेलं मेलाटोनिन घड्याळ आणखी मागे ढकलतं. ‘दहाची घेतली, दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा वाईट’ अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा हेच झालेलं असतं, आणि ते वीसची शोधायला लागतात.

तुमच्यासाठी मात्रा अर्धा मिग्रॅच्या आसपास धरा. दुकानात 3 मिग्रॅची साधी गोळी सहज मिळते. केमिस्टकडे गोळी कापायचं छोटं कटर मिळतं, त्याने चार तुकडे केले की प्रत्येकी पाऊण मिग्रॅ होतं, तेवढं चालेल. डबीवर एसआर, सस्टेन्ड किंवा प्रोलाँग्ड रिलीज लिहिलं असेल तर ती गोळी कापायची नाही, हळूहळू विरघळण्याची तिची रचनाच मोडते. गमी (चघळायची जेलीसारखी गोळी) कापून उपयोग नाही, औषध कुठल्या तुकड्यात किती गेलं ते कळत नाही.

वेळ अशी काढा: सध्या प्रत्यक्षात झोप लागते त्याच्या चार-पाच तास आधी. दीडला लागत असेल तर रात्री नऊला. चार दिवस तीच वेळ ठेवा. मग गोळी, अंथरुणावर पडणं आणि सकाळचा गजर हे तिन्ही अर्ध्या तासाने अलीकडे आणा. पुन्हा चार दिवसांनी अर्धा तास. गोळी संध्याकाळी सातपर्यंत आली की झोप साडेअकराच्या घरात यायला हवी, तिथे थांबा. एवढ्या कमी मात्रेने बहुतेकांना लगेच पेंग येत नाही, काहींना येते. म्हणून गोळीनंतर चार-पाच तास गाडी चालवायची नाही, दुचाकी तर नाहीच. ऑफिसातून आठला निघत असाल तर घरी पोचल्यावरच घ्या, अर्धा-एक तास इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. जेवणाबरोबर किंवा भरल्या पोटी घेऊ नका, शोषण लांबतं. आपल्याकडे जेवण साडेनऊ-दहाला, तिथे हाच घोळ होतो: गोळी आणि पोळी एकाच वेळी पोटात जातात. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

आणि उजेड. हा भाग लोक गाळतात आणि मग गोळीला नावं ठेवतात. घड्याळ सरकवण्याची सर्वांत मोठी ताकद सकाळच्या उजेडात आहे, गोळी तिची मदतनीस. उठल्यावर तासाभराच्या आत वीस-तीस मिनिटं बाहेर, गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत काढा. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी पट असतो. रात्री उलट: गोळी घेतल्यानंतर हॉलची पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. डोळ्यातल्या ज्या पेशी घड्याळाला उजेडाची खबर देतात त्या निळ्या छटेला, साधारण 480 नॅनोमीटरला, सर्वांत जास्त दचकतात. माझ्या मते मोबाइलला मिळतात तेवढ्या शिव्या त्याच्या उजेडाला मिळायला नकोत. त्यावर जे बघितलं जातं ते जास्त जागं ठेवतं, आणि डोक्यावरची ट्यूब सुटून जाते. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. कॅफीन अंगातून निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. रविवारी अकरापर्यंत लोळलात तर आठवड्याची मेहनत एका सकाळी वाया जाते. सुटीच्या दिवशी फार तर एक तास उशीर.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. 2013 साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा मेलाटोनिनने झोप सरासरी 7 मिनिटं लवकर लागत होती आणि एकूण झोप 8 मिनिटांनी वाढत होती. बस्स. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2017 साली जुनाट निद्रानाशासाठी ते वापरू नये असंच सुचवलं. महिनोन्महिने झोप न लागणाऱ्याला पहिला उपाय म्हणजे सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत, गोळी नंतर. घड्याळ सरकलेल्या माणसाला मात्र, म्हणजे तुमच्यासारख्याला, वेळ साधून घेतलं तर त्याचा खरा उपयोग होतो. रात्री तीनला जाग आल्यावर दुसरी गोळी घेणं निव्वळ निरुपयोगी, सकाळ तेवढी खराब.

सवयीबद्दल: अल्प्राझोलामसारखं शरीर त्यावर अवलंबून राहत नाही, बंद करताना हळूहळू उतरवायची गरज सहसा पडत नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं हे त्रास होतात, बहुधा जास्त मात्रेने, आणि बंद केलं की जातात. पण ‘सवय नाही’ म्हणजे ‘वर्षानुवर्षं घ्यायला हरकत नाही’ असं नव्हे. बहुतेक चाचण्या आठवड्यांच्या किंवा काही महिन्यांच्या आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत मांडलेल्या एका अभ्यासात वर्षभर किंवा जास्त मेलाटोनिन घेणाऱ्या निद्रानाशाच्या रुग्णांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण जास्त दिसलं. आपल्याकडेही त्याच्या घाबरवणाऱ्या बातम्या झाल्या. तो नोंदींवरून केलेला अभ्यास आहे; ज्यांची झोप जास्त बिघडलेली तेच गोळी जास्त काळ घेतात, आणि बिघडलेली झोप हृदयाला वाईट असतेच, तेव्हा दोष गोळीचा हे त्यातून सिद्ध होत नाही. पण ‘अगदी निर्धोक’ म्हणून वर्षभराचा साठा मागवणाऱ्यांनी थांबावं, एवढं त्यातून नक्की घ्यावं. वेळ आणि उजेड नीट पाळूनही चार आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद करा, मात्रा वाढवू नका.

डबीवरचा आकडाही फार खरा मानू नका. 2017 साली कॅनडात 31 उत्पादनं तपासली तर छापलेल्या मात्रेपेक्षा 83 टक्के कमीपासून 478 टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन सापडलं, आणि साधारण चौथ्या हिश्शात सेरोटोनिन हे दुसरंच रसायनही होतं. 2023 साली अमेरिकेत 25 गमी तपासल्या, त्यांतल्या 22 ची मात्रा लेबलशी जुळली नाही. सप्लिमेंट म्हणून विकलं की औषधाइतकी कडक तपासणी होत नाही, हे त्यामागचं कारण. म्हणून गमीपेक्षा गोळी, आणि फक्त मेलाटोनिन असलेली. अश्वगंधा, तगर, कॅमोमाइल, थिआनिन असं पाच-सहा गोष्टींचं मिश्रण असेल तर त्रास कशाने झाला तेही कळणार नाही. ‘दोन गमी म्हणजे एक मात्रा’ हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेही वाचा. घरात लहान मूल असेल तर गमी आणूच नका. अमेरिकेच्या विष-नियंत्रण केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या तक्रारी 2012 साली 8,337 होत्या, 2021 साली 52,563 झाल्या. मुलाने खाल्लंच तर उलटी काढायला जाऊ नका, डबी हातात घेऊन डॉक्टर गाठा.

ऐकायला संबंध नसलेली काही औषधंही इथे आडवी येतात. यकृतातलं जे एन्झाइम मेलाटोनिन संपवतं त्यालाच फ्लुवोक्सामिन हे नैराश्य-ओसीडीवरचं औषध अडवतं, मग छोटी मात्राही प्रचंड होते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनीही पातळी वाढते. सिगारेटने कमी होते. दारू किंवा झोपेच्या दुसऱ्या गोळीबरोबर घ्यायचं नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने, फिट येणाऱ्याने, ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार असणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

अमेरिकेला जाण्या-येण्यासाठी काही गोळ्या उरवायच्या असतील तर नियम वेगळा: पाच किंवा जास्त टाइमझोन ओलांडून पोचल्यावर, तिथल्या रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, झोपताना अर्धा ते तीन मिग्रॅ, चार-पाच रात्री. विमानात नको. जर्मनीपर्यंतच्या फरकाला बहुधा गरजच नसते.

आता आई. तिची अडचण तुमच्यासारखी असेल असं धरू नका. या वयात सहसा झोप लागते वेळेवर आणि मोडते मध्येच. का मोडते ते आधी बघा: शुगरमुळे लघवीला उठावं लागतं का, लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जाते का (ती सकाळी हलवता येते का ते डॉक्टरला विचारा), घोरताना श्वास अडकतो का, पायांत वळवळ होऊन ते हलवावेसे वाटतात का, दुपारी दोन तास झोप होते का. यातल्या कशावरच मेलाटोनिन चालत नाही. जेवणाच्या जवळ घेतलं तर शुगर जास्त चढू शकते. बीपीच्या गोळीत निफेडिपिन असेल तर मेलाटोनिनने बीपी वाढलेलं आढळलंय. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉलसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर रक्तस्रावाची भीती. उलट ॲटेनोलॉल-मेटोप्रोलॉलसारखे बीटाब्लॉकर शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन घटवतात. ते घेणाऱ्यांना अडीच मिग्रॅ मेलाटोनिनने झोप सुधारल्याचं 2012 च्या एका छोट्या चाचणीत दिसलं. तेव्हा तिच्या गोळ्यांची पानं समोर ठेवून तिचा डॉक्टरच ठरवेल. युरोपात 55 वर्षांवरच्यांसाठी मंजूर झालेली गोळी 2 मिग्रॅची, हळूहळू विरघळणारी आहे, झोपण्याआधी एक-दोन तास, आणि तीही जास्तीत जास्त 13 आठवडे. अर्धवट गुंगीत रात्री बाथरूमला उठून पाय घसरणं हा या वयातला खरा धोका आहे.

आणि ती आधीपासून झोपेची दुसरी गोळी घेत असेल तर ती एकदम बंद करून त्याजागी मेलाटोनिन देऊ नका. ते त्या गोळीची जागा भरून काढत नाही. अचानक बंद केल्याने हात थरथरणं, घाबरं होणं, फिट येणं इथपर्यंत जाऊ शकतं. डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: कधी पडली, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा आणि कशासाठी उठली, सकाळी कधी उठली, दुपारी किती झोपली. स्वतःसाठीही तीच वही चालेल.