एन्झाइमआधी पऱ्हाटी ओळख

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. पऱ्हाट्यांपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांपासून, इथेनॉल हा विषय तू घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. वेचणी संपली की विदर्भात ही काडी बांधावर रचली जाते नाहीतर शेतातच पेटवली जाते. तिच्यातल्या साखरेचं मोल शेतकऱ्याच्या पदरात पडावं, असं मलाही फार वाटतं.

पण ‘काडीतली साखर सुटी करायला सगळ्यात जोरदार एन्झाइम कुठलं मागवू?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आत्ता देणार नाही. एन्झाइमचं मिश्रण चांगलं की वाईट हे ठरतं तुझ्या काडीवर आणि तू तिच्यावर केलेल्या पूर्वप्रक्रियेवर. सौम्य आम्लात शिजवलीस तर हेमिसेल्युलोज (काडीत ते मुख्यतः झायलन असतं) बहुतेक विरघळून जातं, मग झायलन तोडणाऱ्या झायलनेझला फारसं काम उरत नाही. अल्कलीत शिजवलीस तर लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, बरंचसं निघतं, पण झायलन मागे राहतं. ते अर्धवट तुटलं की त्याचे तुकडे सेल्युलोज तोडणाऱ्या सेल्युलेझलाच अडवतात. तिथे झायलनेझ आणि बीटा-झायलोसिडेझ दोन्ही लागतात. म्हणून आधी शिजवलेल्या काडीत ग्लुकन (मुख्यतः सेल्युलोज), झायलन, लिग्निन आणि राख किती हे मोज. 1 ग्रॅम ग्लुकनपासून जास्तीत जास्त 1.11 ग्रॅम ग्लुकोज मिळतं, कारण तुटताना पाण्याचा रेणू जोडला जातो. उतारा नेहमी या आकड्याशी ताडून काढ.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळ: शिजवलेला लगदा ओव्हनमध्ये सुकवू नकोस. सुकताना तंतूंमधली सूक्ष्म छिद्रं मिटतात, पुन्हा भिजवलं तरी पूर्वीसारखी उघडत नाहीत आणि एन्झाइमला आत शिरायला वाट राहत नाही. लगदा ओलाच, फ्रिजमध्ये ठेव. ओलावा मोजायचा तो वेगळ्या चिमूटभर नमुन्यावर.

आता मिश्रणाकडे. ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याच्या सुती कापडाचा फडशा पाडताना सापडली. बाजारातली बहुतेक सेल्युलेझं तिच्याच वंशातली. तिचं एंडोग्लुकनेझ साखळी मधूनच तोडतं, सेलोबायोहायड्रोलेझ टोकापासून सरकत सेलोबायोज सोडत जातं आणि बीटा-ग्लुकोसिडेझ त्या जोडीचे दोन ग्लुकोज करतं. हे शेवटचं ती फार कमी सोडते. मग सेलोबायोज साचतं आणि ते बनवणाऱ्या एन्झाइमचाच वेग मारतं. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेझ वरून घालायची पद्धत यातूनच आली.

या एन्झाइमांचं काम एकमेकांवर असं अवलंबून असल्यामुळे बाकीची स्थिर ठेवून एकेक बदलण्याने खरा उच्चांक हाती लागत नाही. एन्झाइमचं एकूण प्रथिन ठरवून टाक, समजा दर ग्रॅम ग्लुकनला 10 मिलिग्रॅम, आणि तेवढ्यातच वाटे बदल. संख्याशास्त्रात यासाठी मिक्श्चर डिझाइन आहे. ते नीट शिकून घे. एकूण मात्रा मोकळी सोडलीस तर ‘जास्त घातलं, जास्त मिळालं’ एवढंच हाती येईल, आणि कारखान्यात एन्झाइमचा खर्चच तर खाली आणायचा असतो. बाटलीतल्या एन्झाइममध्ये टिकवण्यासाठी घातलेली साखर असू शकते. काडीशिवायची, फक्त एन्झाइमची नळी प्रत्येक वेळी लाव आणि तो आकडा वजा कर.

सेल्युलेझची ताकद मोजणारी फिल्टर पेपरची चाचणी तू करशीलच. आयआयटी दिल्लीच्या टी. के. घोष यांनी 1987 मध्ये ती प्रमाणित रूपात मांडली: 50 मिलिग्रॅमची पट्टी, 50 अंश, 1 तास. दोन बाटल्यांची ताकद ताडायला ती उपयोगी आहे, पण त्या पांढऱ्या पट्टीत लिग्निन नाही. पऱ्हाटी लाकडी, तिच्या लिग्निनला एन्झाइम नुसतं चिकटून वाया जातं. त्यामुळे निवड खऱ्या लगद्यावर आणि 72 तासांच्या साखरेवर कर.

तीही पातळ पाण्यात नको. लगद्यात घन भाग 2 टक्केच असेल तर सगळी मिश्रणं गुणी वाटतात. 15–20 टक्क्यांवर लगदा घट्ट शिऱ्यासारखा बसतो आणि सुरुवातीचे काही तास नुसता हलवणंही कठीण जातं. तो लवकर पातळ करणारं मिश्रण आणि शेवटी जास्त साखर देणारं मिश्रण एकच असेल असं धरू नकोस. दोन्ही नोंदी ठेव.

नव्या मिश्रणांतल्या एलपीएमओविषयी (लायटिक पॉलिसॅकराइड मोनोऑक्सिजनेझ) तू विचारलंस. ही तांबं धारण करणारी एन्झाइमं सेल्युलोजच्या घट्ट भागात ऑक्सिडेशनने चीर पाडतात; 2010–11 मध्ये त्यांची ही करामत उलगडली. त्यांना ऑक्सिजन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, शिवाय इलेक्ट्रॉन देणारं काहीतरी. यीस्ट त्याच टाकीत सोडलंस तर ऑक्सिजन तेच संपवतं, तापमानही 50 वरून पस्तिशीच्या आसपास आणावं लागतं. म्हणून साखर करणं आणि किण्वन (यीस्टने साखरेचं इथेनॉल करणं) वेगवेगळ्या टाकीत की एकत्र, हे प्रयोग आखण्याआधी ठरव.

इंडियन ऑइलच्या पानिपतच्या इथेनॉल कारखान्याचं 2022 मध्ये उद्घाटन झालं; तिथे भाताच्या पेंढ्यासाठी पुण्याच्या प्राज कंपनीचं तंत्र आहे. तिथलं मिश्रण जसंच्या तसं पऱ्हाटीला लावायचा मोह होईल. तुलनेसाठी एका नळीत जरूर लाव, पण पाया तुझ्याच लगद्यावर घाल.

रचनेचे आकडे आले की पाठव, त्यावरून पहिल्या आखणीतले वाटे आपण दोघं मिळून ठरवू. तोवर एन्झाइमची ऑर्डर थांबव.

तुझा,
सर