कासव अडकलं तर जाळं का कापायचं?

तुम्ही विचारलंय, की जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापून ते सोडा म्हणतात, पण मच्छिमाराने स्वतःचं नुकसान का करून घ्यायचं? रास्त प्रश्न आहे. दापोलीकडच्या मासेमारी करणाऱ्या घरात मी वाढलोय. जाळं फाटलं की घरात काय होतं ते पाहिलंय.

म्हणून आधी पैशांचं सांगतो. डिसेंबर 2018 पासून राज्य सरकारची योजना आहे. कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (म्हणजे व्हेल शार्क) असा संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते. सोडवतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो मात्र काढून ठेवावे लागतात. बंदरावर हे अजूनही कित्येकांना ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या होडीवर एकदा ऑलिव्ह रिडले जातीचं कासव जाळ्यात आलं होतं. नायलॉन त्याच्या पुढच्या पायाच्या बगलेत रुतून कातडी सोलली होती. वडिलांनी सुरी घेतली आणि जाळ्याची एकेक आस, म्हणजे एकेक चौकट, कापत गेले. सुटल्यावर ते लगेच पळालं नाही. होडीला लागूनच डोकं वर काढून त्याने फुस्सकन श्वास घेतला, परत एकदा घेतला, मग खाली गेलं. तो आवाज माझ्या कानात आहे. कासवाला कल्ले नसतात हो, फुप्फुसं असतात. पाण्याखाली अडकलं की ते गुदमरून मरतं.

आणि नुकसान म्हणाल तर ते उलट्या बाजूनेही होतं. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांना कासव बाहेर पडेल अशी खिडकी नव्हती, म्हणून अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं. भाव पडला तो सगळ्यांच्याच मालाचा. दुसरीकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर पूर्वी लोक कासवांची अंडी उकरून नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, घराघरांत उतरतात, जेवतात. गावाला चार पैसे मिळतात.

तुम्ही स्वतः होडीवर जात असाल तर एवढं करा. कासव निपचित पडलं असेल तर मेलं समजून लगेच पाण्यात टाकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा म्हणजे छातीतलं पाणी निघतं, सावलीत ओलं फडकं घाला आणि थांबा. काही तासांनी ते हलायला लागतं, असं पुष्कळदा होतं.