उल्लेख झाला, पण दखल कुठे?

प्रश्न असा आला आहे : "ओळखीच्या चार मुलांचा बँड आहे. त्यावर विकिपीडियात लेख लिहावा म्हणतो, पण त्यासाठी 'उल्लेखनीयता' लागते म्हणे. वर्तमानपत्रं, महोत्सवाची पत्रिका असे मिळून पाच-सहा उल्लेख आहेत. मग बँड उल्लेखनीय झालाच ना? आणि उल्लेखनीय व दखलपात्र यांत फरक काय?"

नाही झाला. 'उल्लेखनीय' हा शब्द आपण प्रशस्तिपत्रकांवर छापून छापून पार गुळगुळीत करून टाकला आहे. तालुक्याच्या चित्रकला स्पर्धेतलं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा 'उल्लेखनीय कामगिरी'. '-अनीय' प्रत्यय योग्यता सांगतो, हे शाळेतलं व्याकरण; त्यात वेळ घालवत नाही. गंमत पुढे आहे. इंग्रजी विकिपीडियाचा 'नोटेबिलिटी'चा, म्हणजेच या उल्लेखनीयतेचा, नियम म्हणतो, की विश्वासार्ह आणि विषयाशी लागेबांधे नसलेल्या स्रोतांत त्या विषयावर भरीव मजकूर हवा. ओझरता उल्लेख धरला जात नाही. म्हणजे उल्लेखनीयता ठरवताना उल्लेखालाच किंमत नाही! मराठी विकिपीडियावर हा शब्द ज्यांनी रुळवला त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण शब्द चुकला तो चुकलाच. हवा होता 'दखलपात्र'.

दखल मुळात अरबी. द-ख-ल या धातूचा अर्थ आत शिरणे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडच्या भाषांत आला आणि प्रत्येकीने त्याचं वेगळंच काही केलं. बंगालीत दखल म्हणजे ताबा. 'जबरदखल' म्हणजे सरळसरळ बळकावणं. हिंदीत दखल 'देतात', म्हणजे नको तिथे मध्ये पडतात. मराठीत आपण दखल 'घेतो'. (हल्ली मराठी मालिकांत 'माझ्या कामात दखल देऊ नकोस' ऐकू येतं, तेव्हा कपाळावर हात मारावासा वाटतो. ढवळाढवळ, लुडबुड, नाक खुपसणे हे सगळे शब्द काय रजेवर गेलेत?)

आत शिरण्यावरून लक्ष देण्यापर्यंत मराठी कशी पोचली, याबद्दल माझा एक तर्क आहे. कचेरीत अर्ज आला, फिर्याद आली, की ती दप्तरी दाखल व्हायची. एकदा कागद आत आला, की कुणाला तरी तो बघावाच लागणार. आत येणं आणि बघितलं जाणं ही एकाच टेबलावरची दोन कामं. म्हणून दाखल, दखल आणि दाखला ही तिन्ही भावंडं मराठीत अजून एका घरात नांदतात. ज्ञानकोशातल्या लेखाला याहून चपखल शब्दकुटुंब शोधून सापडणार नाही. आधी दाखले द्या; दाखले पटले तर दखल घेऊ; दखल घेण्याजोगं असेल तर दाखल करू.

इथे काही संस्कृताभिमानी हटकून म्हणणार, "दाखला आपलाच, 'दाखवतो तो दाखला'." छे! दाखवणे आलं प्राकृत 'दक्ख'वरून, म्हणजे पाहण्याच्या धातूवरून. दाखल्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आवाज जुळला की सोयरीक जुळवायची ही खोड आपल्या भल्याभल्या व्युत्पत्तिकारांनाही आहे.

पोलिसांच्या मराठीने मात्र हा शब्द तंतोतंत वापरला आहे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपासाला लागतात. अदखलपात्र असेल तर 'एनसी' लिहून घेतात आणि तपासासाठी न्यायालयाची परवानगी लागते. 'तुमचं काही झालंच नाही' असं कुणी म्हणत नाही. घडलं ते घडलंच, फक्त यंत्रणा आपणहून हलत नाही. अदखलपात्र बँडचंही तेच. तो चांगला वाजवत असेल, लोक नाचतही असतील. ज्ञानकोश त्याला वाईट म्हणत नाही, फक्त हलत नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उल्लेख स्वतःचा स्वतः करता येतो; दखल दुसऱ्यानेच घ्यावी लागते. 2018 च्या नोव्हेंबरात थ्रेटिन नावाचा अमेरिकी रॉक बँड इंग्लंडच्या दौऱ्यावर आला. लंडनच्या कॅम्डेनमधल्या 'अंडरवर्ल्ड' सभागृहाला आधीच 291 तिकिटं खपल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्षात जेमतेम तिघे आले. चौकशी केल्यावर चाहते, रेकॉर्ड कंपनी, प्रसिद्धी हा सगळाच बनाव निघाला. उल्लेखांचा नुसता सुकाळ, पण सगळे घरचे. गंमत म्हणजे बनाव उघडा पडल्यावर बीबीसीपासून सगळ्यांनी बातम्या केल्या आणि बँड खरोखरच दखलपात्र झाला! दखल घेणं म्हणजे कौतुक करणं नव्हे, हे यावरून कळावं. 'उल्लेखनीय' म्हटलं की आपल्या कानाला शाबासकी ऐकू येते, म्हणूनही तो शब्द इथे नको.

दखल उशिराही घेतली जाते. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडची 'ऑब्सेशन 77' ही तबकडी 1981 साली निघाली. अनेक वर्षांनी अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' कंपनीने ते संगीत पुन्हा बाजारात आणलं.

हां, तुमचा बँड. इंग्रजी विकिपीडियाच्या संगीतासाठीच्या निकषांत लोकप्रिय गाण्यांच्या देशपातळीच्या यादीत गाणं लागणं, मोठ्या किंवा नावाजलेल्या रेकॉर्ड कंपनीकडून दोन अल्बम, मोठा पुरस्कार किंवा त्याचं नामांकन, असल्या गोष्टी आहेत. यातली एखादी असली तर लेखाला आशा असते. तुमच्या कात्रणांतून महोत्सवाची पत्रिका काढा, बँडने स्वतः दिलेली प्रसिद्धिपत्रकं काढा, 'यांनीही कला सादर केली' या यादीतलं नाव काढा. उरलेल्यात कुणी तिऱ्हाइताने बँडवर दोन-तीन ठिकाणी सविस्तर लिहिलेलं असेल तर खुशाल लेख लिहा. नसेल तर तूर्त थांबा, आणि मुलांना तालीम करू द्या.